गुलाबी झाकणाची डबी

जे सांगायला बसले आहे ते आजवर मी कुणाच्या कानावर घातलेलं नाही. आमच्या ह्यांच्या नाही, सख्ख्या बहिणीच्या नाही. देवासमोर हात जोडून उभी राहते तेव्हासुद्धा इकडचं तिकडचं मागते आणि या गोष्टीला वळसा घालून घरी येते. देवाला ठाऊक असेलच, असं धरून चालते. तुम्हाला मात्र ठाऊक नाही — म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. आता बसल्यावर कळतंय, तेवढं सोपं नाही.

टिपकागदापासून सुरुवात करते. त्याबद्दल बोलायला मला अजून आवडतं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. धुळ्यात, पांझरेच्या पलीकडे देवपुरात, आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी पार्लर चालवायचे. पार्लर म्हणजे काय हो — एक मोठा आरसा, सलूनवाल्याने काढून टाकलेली फिरती खुर्ची, आणि दाराला जाड पडदा. बायका समोरून यायला लाजायच्या. मागच्या बोळातून यायच्या आणि बाहेर कुणी ओळखू नये म्हणून चपला हातात घेऊन आत यायच्या. भुवया कोरून घेतल्या तरी घरी गेल्यावर कपाळावर पदर ओढून बसायचं, असे ते दिवस.

मला एका गोष्टीचा भारी माज होता. कातडी मला कळते, असा. नवीन बाई आली की मी तिला परत पाठवायचे — उद्या सकाळी तोंड न धुता ये. पारोशा तोंडाने चार घरं ओलांडून येणं म्हणजे बायकांना केवढं संकट! पण यायच्या. मग मी शाळेतल्या पोरांच्या शाईचा टिपकागद असतो ना, त्याचे तुकडे तिच्या कपाळावर, नाकावर, दोन्ही गालांवर दाबायचे आणि खिडकीपाशी उजेडात धरून बघायचे. सगळ्या तुकड्यांवर डाग उमटला तर तेलकट. नाकाकपाळापुरता उमटला तर मिश्र. कोरा राहिला तर कोरडी. बाई बिचारी श्वास रोखून माझ्या तोंडाकडे बघत राहायची, जणू मी तिची पत्रिकाच वाचते आहे. आणि मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

मग दुसरा प्रश्न — घरातून किती सुटतील? कारण वस्तूंचे संच मी स्वतः लावायचे. चेन असलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत. लहान संचात मुलतानी माती आणि गुलाबपाणी. मधल्यात त्यावर चंदनाचं उटणं आणि कोल्ड क्रीम. कोरड्या कातडीच्या बाईला मी माती द्यायचे नाही, सायीत बेसन कालव म्हणून सांगायचे. एक शिवणकाम करणारी विधवा यायची, पोरीला घेऊन. तिला म्हटलं, बाई, यातलं काही घेऊ नकोस, पोरीला उन्हात जाताना रुमाल बांधायला सांग, बास. एवढं खरं मी बोलायचे. हे माझी बाजू मांडायला सांगत नाही. उलट — ज्या बाईला खरं बोलता येत होतं तिने हे केलेलं आहे, एवढं तुम्हाला कळावं.

मोठा संच राहिला सांगायचा.

मोठ्या संचात या सगळ्यावर एक डबी असायची. कुंकवाची असते तेवढीच, पांढरी, गुलाबी झाकणाची. तिच्यावर नाव नाही, चिठ्ठी नाही. रात्री झोपताना लावायची. पंधरा दिवसांत चेहरा उजळायचा — आणि खरंच उजळायचा, डाग जायचे, कातडी कशी तुळतुळीत व्हायची. काय आहे हो ताई यात, म्हणून बायका विचारायच्या. मी म्हणायचे, जडीबुटी.

जडीबुटी कसली! ही डबी मी जळगावला शिकले. पार्लरचा कोर्स तिथे एका मॅडमकडे केला होता. शेवटच्या दिवशी त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं आणि म्हणाल्या, हे मी सगळ्यांना शिकवत नाही. कोल्ड क्रीम घ्यायचं आणि त्यात मेडिकलमधून आणलेलं मलम घोटायचं — इसबावर डॉक्टर देतात ते, जोरकस. चिठ्ठीशिवाय सहज मिळायचं. वर गुलाबपाण्याचे चार थेंब, वासासाठी. आणि मग मॅडम जे म्हणाल्या ते मला शब्दन् शब्द आठवतं. म्हणाल्या, लावलेली बाई एकदम थांबली तर चेहरा उलटतो. लाल होतो, फुटतो. तेव्हा थांबू द्यायची नाही. थांबवायचीच असेल तर हळूहळू, दिवसाआड, मग चार दिवसांआड.

म्हणजे मला माहीत होतं. पहिल्या डबीपासून माहीत होतं.

रत्ना माझ्याकडे आली ती दिवाळीच्या आधी. शिंदखेड्याकडच्या एका गावची, देवपुरात मामाकडे राहून डी.एड. करणारी. उंच, सावळी, वेणी पुढे घेऊन तिच्या टोकाशी चाळा करत बोलायची. एरवी वर्गातल्यासारखं छापील मराठी बोलायची, पण लाजली किंवा घाबरली की तिच्या तोंडून घरची बोली निसटायची. त्या दिवशी दोन्ही होतं. तिला बघून गेले होते. मुलगा जळगावला नोकरीला, घर चांगलं, मुलालाही ती आवडलेली. पण त्या घरात मुलाच्या आत्याचा शब्द चालायचा — अमळनेरकडची, विधवा, करारी बाई. ती जाताना म्हणाली होती, "पोर चांगली शे, पण रंग जरासा..." आणि वाक्य अर्धंच ठेवून गाडीत बसली होती. संक्रांतीनंतर परत येऊ, बघू म्हणून.

रत्नाने मुठीतला रुमाल सोडला. त्यात होतं ते पुढे केलं आणि म्हणाली, "ताई, मन्हाजवळ इतलंच शे. माले काय चाली ते तुम्हीच सांगा."

दुसऱ्या दिवशी ती तोंड न धुता आली. मी टिपकागद दाबला आणि खिडकीशी धरला. काय सांगू तुम्हाला — इतक्या वर्षांत तसा कागद मी दोन-तीनदाच पाहिला असेल. सगळीकडे सारखी, अगदी पुसट ओल. ना डाग, ना कोरडेपणा. हात लावू नये अशी कातडी. तिला माझ्याकडचं काही म्हणजे काहीच नको होतं. सावळी होती, ती होती. तो काही आजार नव्हता.

मला तेव्हाच म्हणता आलं असतं — रत्ना, तुझी कातडी माझ्याकडे येणाऱ्या सगळ्या बायकांत उजवी आहे, हे पैसे वहीपेनाला ठेव. त्या शिवणकामवाल्या विधवेला म्हणालेच होते की! मग हिला का नाही म्हणाले?

कारण मला दिसत होतं लग्न. चांगल्या घरचं, जळगावचं वऱ्हाड, आणि नवरीचं तोंड माझ्या हातचं. चारी बाजूंनी विचारणा — कुणाकडे केलं हो? मी तिच्या रुमालातले पैसे लहान संचापुरतेच होते ते पाहिलं आणि मोठा संच तिच्या हातात ठेवला. म्हटलं, असू दे, तुझ्या लग्नात नवरीचा मेकअप मलाच द्यायचा, म्हणजे झालं. तिचे डोळे भरून आले. मला स्वतःचाच फार अभिमान वाटला त्या दिवशी. घरात ह्यांना सांगितलंसुद्धा, आज एका गरीब पोरीला तोटा खाऊन माल दिला. हे म्हणाले, बरं केलंस.

डबी संपली की ती यायची, मी दुसरी द्यायचे. संक्रांतीपर्यंत रत्ना उजळली. आत्याबाई आल्या, तिची हनुवटी धरून उजेडाकडे वळवून बघितली म्हणे, आणि सुपारी फुटली. माझ्याकडे तर रीघ लागली. डी.एड.च्या अर्ध्या पोरी मागच्या बोळात उभ्या — रत्नाला दिलं तेच द्या. मी टिपकागद लावणंही सोडलं. कशाला लावायचा? सगळ्यांना एकच हवं होतं.

लग्न वैशाखात ठरलं, तिच्या गावी. हळदीआधी आठवडाभर ती शेवटची डबी घ्यायला आली — म्हणजे मला वाटलं, डबी घ्यायला आली. पण ती निरोप घ्यायला आली होती. म्हणाली, आता क्रीम नको ताई, पाच दिवस लावताच येणार नाही. त्यांच्या घरात रीत होती. नवरीला पाच दिवस हळद लागायची आणि एकदा हळद लागली की तिच्या अंगाला दुसरं काही लागू द्यायचं नाही. साबण नाही, तेलसुद्धा घाण्यावरून वेगळं आणलेलं. तिची आजी त्या बाबतीत इतकी कडक, की रात्री नवरीजवळ स्वतः झोपायची.

तुम्ही म्हणाल, त्या क्षणी तुझ्या डोक्यात काही आलं नसेल. आलं होतं. मॅडमचा आवाज आला होता — एकदम थांबली तर चेहरा उलटतो. हातात भुवया कोरायचा दोरा होता, खुर्चीत एक बाई डोळे मिटून बसली होती, बाकावर आणखी दोघी. रत्नाला बाजूला घेऊन सांगायला किती वेळ लागला असता? हळद अजून लागायची होती, तोवर दिवसाआड लाव. आणि मग चोरून का होईना, आजीचा डोळा लागला की बोटभर लाव. पण मग ती विचारणार — का? का थांबवायची नाही? आणि बाकावरच्या दोघी कान टवकारणार. आजवर जडीबुटी म्हणून दिलेली डबी!

मी म्हटलं, जा, लग्नात भेटू. आणि दोरा ओढला.

लग्नाच्या आदल्या दिवशी मेकअपची पेटी घेऊन मी एसटीने शिंदखेड्याला उतरले. तिथून त्यांच्याकडचा माणूस बैलगाडी घेऊन आला होता. ऊन असं, की पेटीचं पत्र्याचं झाकण हाताला चटका देत होतं. गाडीवाला वाटेत एक अक्षर बोलला नाही. लग्नघरचा माणूस आणि गप्प?

मांडव घातलेला होता, आंब्याच्या पाल्याची तोरणं होती, चुलवणावर मोठी पातेली चढलेली होती. आणि बायका गाणी म्हणत नव्हत्या. गटागटाने बसून कुजबुजत होत्या. मला आतल्या खोलीत नेलं. रत्ना भिंतीकडे तोंड करून बसली होती. आजी शेजारी बसून पंख्याने वारा घालत होती. रत्ना वळली.

त्या चेहऱ्याचं वर्णन मी करणार नाही. हळदीच्या पिवळ्याखाली लाल, सुजलेला, गालांवर पुटकुळ्या, काही फुटलेल्या — बास. एवढंच पुरे. हळदीने अंगाची आग होतेय म्हणून ती रडायची आणि आजी म्हणायची, हळदीने कुणाचं वाईट होत नाही, आणखी लावा. पाच दिवस लावतच होते.

"ताई," ती म्हणाली, "मन्हा तोंडले काय व्हयनं वं?"

मी म्हटलं, उष्णतेने झालं असेल. बघते हं. आणि पेटी उघडली. पेटीत मी नेलं होतं काय — पावडर! फाउंडेशन, लाली, टिकल्या! तेच खालीवर करत बसले. तिला हात लावायचं धाडस झालं नाही.

तेवढ्यात आत्याबाई आल्याचं कळलं. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं, म्हणून वऱ्हाडाची वाट न बघता त्या एकट्याच जीप करून आल्या. त्यांनी रत्नाला पाहिलं. आरडाओरडा केला नाही, काही नाही. रत्नाचे वडील दारात उभे, टोपी हातात. ते म्हणाले, धुळ्याची क्रीम लावत होती पोर, त्यानेच झालं असेल, ह्या बाईंनाच विचारा. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

आत्याबाईंनी मला मागच्या अंगणात नेलं. तिथे गोठ्याच्या सावलीला आम्ही दोघीच. आता मी जे सांगणार ते नीट ऐका, कारण इथेच सगळं आहे. त्या बाईने मला दार उघडून दिलं होतं. सताड उघडून. त्या म्हणाल्या, "माय, तू खरं सांग. क्रीम उलटनी व्हई तर काही हरकत नही, लगीन पंधरा दिन पुढे ढकलसूत. पण पोरना तोंडवर आधीपासून काही व्हतं का, इतलंच सांग."

इतलंच.

किती सोपं होतं! होय, माझी क्रीम उलटली, पोरीत काही खोट नाही, थोड्या दिवसांत उतरेल. बस. लग्न झालं असतं. पंधरा दिवस नाही तर महिन्याने झालं असतं. ती बाई करारी होती पण शब्दाची पक्की होती, हे तिच्या तोंडावरच लिहिलेलं होतं. माझं काय झालं असतं? चार लोकांनी शिव्या घातल्या असत्या. देवपुरात बोभाटा झाला असता. पार्लर बंद पडलं असतं कदाचित. पोलीस येतील असंही माझ्या मनात आलं. मेडिकलवाला, मॅडम, हे सगळे एकदम डोळ्यांपुढे आले. रत्ना तेवढी आली नाही. ती तर त्या भिंतीपलीकडे बसली होती, तिचं मुसमुसणं ऐकू येत होतं, आणि ती माझ्या डोळ्यांपुढे आली नाही.

मी पदराने घाम पुसला आणि म्हणाले, "मी फक्त मुलतानी माती आणि गुलाबपाणी दिलं हो. तिच्या तोंडावर आधीपासूनच होतं. लपवायचंय म्हणूनच ती माझ्याकडे आली होती."

पहिलं वाक्य खोटं होतं ते भीतीपोटी, असं म्हणता येईल एकवेळ. पण तिसरं? ते कुणी विचारलं होतं? लपवायचंय म्हणून आली होती — हे मी माझ्या पदरचं घातलं. माझ्यावरचं सगळं तिच्यावर जावं, काही म्हणता काही माझ्याकडे उरू नये, म्हणून. जीभ अडखळलीसुद्धा नाही.

आत्याबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "रोग असता तर सांगी टाकतात. पण लपाडं." आणि जीपकडे गेल्या. खोट नव्हे, लपवाछपवी त्यांना लागली. ती माझी होती.

मांडव त्याच दिवशी उतरला. लाडूंची पातेली आत गेली. रत्नाचे वडील मला गाडीपर्यंत सोडायला आले — सोडायला आले हो! — आणि म्हणाले, तुमचा येण्याजाण्याचा खर्च. मी घेतला नाही. तेवढी लाज होती, की नसते आढेवेढे होते, कोण जाणे. घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, इतक्या लवकर? मी म्हटलं, पुढे ढकललं लग्न.

मी लगेच डबी बंद केली असं सांगितलं तर तुम्हाला बरं वाटेल. नाही केली. त्या आठवड्यात मी एक केलं — डबी नेणाऱ्या प्रत्येक पोरीला बोलावून सांगितलं, आता उन्हाळा आहे, दिवसाआड लाव, मग चार दिवसांआड, मग सोड. सगळ्या सुटल्या. एकीचाही चेहरा उलटला नाही. म्हणजे काय करायचं ते मला इतकं नीट माहीत होतं. पुढेही मी डबी देतच राहिले, मलम कमी घालून. दुकानांतून रंगीत जाहिरातींची क्रीमं आली, पोरी तिकडे वळल्या, तेव्हा आपसूक बंद झाली.

नव्वदीचं दशक सरत आलं तेव्हाची गोष्ट. पार्लरला आता काचेचं दार होतं, बायका समोरून यायच्या. एका सकाळी एक बाई आली. डोक्यापासून हनुवटीपर्यंत ओढणी गुंडाळलेली, फक्त डोळे दिसत होते. सोबत सतरा-अठराची पोरगी. बाईने ओढणी सोडली. रत्ना. केस कानापाशी पांढरे झालेले. चेहरा स्वच्छ — सावळा, नितळ, पहिल्यासारखा. उतरलं होतं सगळं. उतरणारच होतं.

साक्रीकडे एका शाळेत शिकवते म्हणाली. ही भावाची मुलगी. लग्न केलं नाहीस का, हे मी विचारलं नाही, तिनेच सांगितलं, अगदी सहज. त्यानंतर तीन-चार स्थळं आली होती. प्रत्येकाला तिने स्वतः, पोह्यांची बशी ठेवायच्या आधी सांगितलं, माझ्या कातडीत रोग आहे, आत्ता दिसत नाही, पण आहे. पुन्हा कुणी आपल्याला लबाड म्हणू नये म्हणून. ती स्थळं उठून गेली. मग येईनाशी झाली.

तुम्हाला वाटलं होतं का, ती मला जाब विचारायला आली असेल? मलाही वाटलं होतं. पण रत्ना म्हणाली, "ताई, तुमले आधीच समजनं व्हतं ना मन्हा तोंडनं? तरी तुम्ही कितला उपाय करात. आनि पैसा बी पुरा नही लिधा." त्या दिवशी गोठ्यापाशी मी जे बोलले ते तिच्या कानापर्यंत गेलं होतं. आणि त्यातलं ‘आधीपासूनच होतं’ तेवढं तिने मानलं होतं. मी कातडी ओळखणारी बाई ना! मी म्हटलं म्हणजे असणारच.

ती भाचीला घेऊन आली होती ती यासाठी. भाचीचं आता बघायला लागतील. घरच्या रक्तातलं ते हिच्यातही उतरलंय का, एवढं मी सांगावं. रत्नाने पोरीला तोंड धुऊ दिलं नव्हतं. साक्रीच्या पहिल्या एसटीने पारोशी घेऊन आली होती. तिला माझी ती अट आठवत होती.

माझ्याकडे टिपकागद नव्हता. किती वर्षांत लावला नव्हता. समोरच्या स्टेशनरीच्या दुकानातून मागवला. तुकडे केले, पोरीच्या कपाळावर, नाकावर, गालांवर दाबले, काचेच्या दाराशी उजेडात धरले. सगळीकडे सारखी, अगदी पुसट ओल. रत्नाचीच कातडी. रत्ना माझ्या तोंडाकडे श्वास रोखून बघत होती.

मी म्हटलं, "हिला काही नको. पाण्याने तोंड धुवायचं, बास."

"म्हंजे हिले नही शे?"

"नाही."

तिने डोळे मिटून घेतले. मग हसली आणि भाचीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "मंग ते मन्हापुरतंच व्हतं."

खोलीत आम्ही तिघीच होतो. खुर्चीत कुणी नव्हतं, बाकावर कुणी नव्हतं. हातात दोरा नव्हता. पोलीस नाहीत, डबी नाही, मॅडम तर केव्हाच वारल्या होत्या. मला अडवणारं एकही माणूस त्या खोलीत नव्हतं. "तुझ्यात कधीच काही नव्हतं" — एवढं म्हणायचं होतं. तोंड उघडलं होतं मी. जीभ टाळूला लागलीसुद्धा होती.

मी विचारलं, "चहा घेशील?"

एसटी चुकेल म्हणून त्या निघाल्या. दारात रत्नाने पुन्हा ओढणी गुंडाळली, भाचीला म्हणाली, ताईंच्या पाया पड. पोर पडली. मग रत्ना स्वतः वाकली. मी पाय मागे घेतले नाहीत.